तरवडाला पाणी घालू नका

दौंड, इंदापूर, कर्जत, करमाळा या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला तरवड दाखवून द्यावा लागत नाही. शाळेच्या वाटेवर, रेल्वेच्या रुळांशेजारी, बरड माळावर, बांधाच्या कोरड्या अंगाला तो उभाच असतो. कमरेइतका, फार तर डोक्याच्या थोडा वर. गणपती उठले की पिवळ्याधमक फुलांनी भरतो आणि दिवाळी उलटली तरी फुलत राहतो. पण हाच तरवड बागेत लावू, असं मी गिऱ्हाइकाला म्हटलं की समोरचा माणूस आधी गप्प होतो आणि मग हळूच विचारतो, "ताई, हा तर माळावर फुकट उगवतो. आमच्या दारात कशाला?"

बागा लावून देणं हे माझं काम. शेतघरं, शाळा, कारखान्यांची आवारं, अलीकडे हमरस्त्यालगत उभ्या राहिलेल्या सोसायट्या. सगळी कामं पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला आणि भीमेच्या पलीकडे नगर-सोलापूरच्या बाजूला. इथला पाऊस वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपास. तोही जूनमध्ये तोंड दाखवून दडी मारणारा आणि खरा जोर सप्टेंबरात धरणारा. कालव्याखालचा ऊस पाहून बाहेरच्या माणसाला हा मुलूख पाण्याचा वाटतो, पण कालवा ज्या गावाला चुकला तिथे मार्चपासून टँकर सुरू होतो. आणि अशा गावातल्या बंगल्यापुढेही मालकाला लॉन हवं असतं, पाम हवे असतात, अरेका हवा असतो. यातली बरीचशी रोपं आंध्रातल्या कडियमच्या रोपवाटिकांतून ट्रकने येतात. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या गाळात, दमट हवेत वाढलेली ती कोवळी रोपं आमच्या मुरमात एप्रिल बघतात तेव्हा त्यांचं काय होतं, ते मी पुष्कळदा पाहिलं आहे. मालक म्हणतो, माळ्याने पाणी कमी घातलं. माळी म्हणतो, बोअरला पाणीच नव्हतं. खरं तर दोघांचाही दोष नसतो. झाड त्या जागेचं नसतं.

तरवड त्या जागेचा असतो. त्याचं सोटमूळ मुरमाच्या फटीतून सरळ खाली जातं. वरची बारीक पानं संध्याकाळी मिटतात आणि फारच ताण पडला तर झाड त्यातली काही गाळून टाकतं. शेळ्या-मेंढ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत. म्हणूनच जिथे चराई जास्त झाली, बाकी सगळं कुरतडून संपलं, तिथे तरवडच तेवढा शिल्लक दिसतो. लोकांनी यातून उलटा अर्थ काढला: तरवड आला म्हणजे जमीन वाया गेली. जमीन हलकी असते हे खरं, पण ती तरवडाने हलकी केलेली नसते. उलट त्याच्या बुंध्याशी पालापाचोळा अडतो, सावलीत गवताचं बी रुजतं, ढोरांच्या तोंडून वाचलेलं एखादं बोरीचं, हिवराचं रोप तिथे उभं राहतं. माळावर चालताना मी नेहमी तरवडाच्या बुडाशी वाकून बघते. तिथे काहीतरी वाढत असतंच.

एके काळी या झाडाला भाव होता, आणि तो फुलासाठी नव्हता. सालीत पाचव्या हिश्शाच्या आसपास टॅनिन असतं. कातडं कमावणारे कारागीर बाभूळ आणि हिरड्याबरोबर तरवडाची सालही वापरत. जुन्या मद्रास इलाख्यात तर कातडी कमावण्याचा मोठा धंदा याच सालीवर उभा होता. तिकडे याला आवारम् म्हणतात. पुढे दक्षिण आफ्रिकेतून वॉटलची साल येऊ लागली आणि तरवड मागे पडला. ही माहिती मला बागकामात उपयोगी पडली ती छाटणीसाठी. सालीसाठी फांद्या तोडल्या की हे झुडूप बुडापासून नव्याने फुटतं, हे त्या धंद्यातल्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून मीही छाटणीला हात आखडत नाही. शेंगा वाळून गेल्या की उन्हाळ्याच्या तोंडाला फांद्या तिसऱ्या हिश्श्याने कमी करते. खोड जून होऊन झाड मध्येच पोकळ दिसायला लागलं तर गुडघ्यापर्यंत खाली आणते. पहिल्या पावसात बुडातून फुटवे येतात आणि झुडूप पुन्हा भरगच्च होतं.

आता लागवडीबद्दल सविस्तर सांगते, कारण बहुतेकांचं इथेच अडतं. पहिली गोष्ट, माळावरून तरवड उपटून आणू नका. हातभर उंचीच्या रोपाचं मूळसुद्धा कितीतरी खोल गेलेलं असतं. कुदळीने ते तुटतं आणि झाड बागेत आणेपर्यंत मेलेलंच असतं. माळाचं नुकसान होतं ते वेगळंच. तरवड बियांपासूनच करायचा. हिवाळा संपता संपता चपट्या, कागदासारख्या शेंगा वाळून फिक्या तपकिरी होतात आणि वाऱ्याने खुळखुळतात. त्या वेळी निरनिराळ्या झुडपांवरच्या थोड्या थोड्या शेंगा काढायच्या, एकाच झाडाला ओरबाडायचं नाही. बऱ्याच शेंगांना बारीक भोकं दिसतील. त्यातलं बी किड्याने आतून खाल्लेलं असतं. सोललेलं बी पाण्यात टाकलं की पोकळ बी वर तरंगतं, ते काढून टाकायचं.

बाकीचं बी दिसायला चांगलं असलं तरी तसंच पेरलं तर पुष्कळसं महिनोन् महिने मातीत पडून राहतं. त्याचं कवच इतकं घट्ट असतं की पाणी आत जात नाही. माळावर ही सोय झाडाच्या फायद्याची आहे. सगळं बी एकाच पावसाला उगवलं आणि पुढे ओढ बसली तर सगळंच मरेल, म्हणून काही यंदा उगवतं, काही पुढच्या वर्षी. आपल्याला मात्र बागेत एकसारखी रोपं हवी असतात. पाण्याला चांगली उकळी आणायची, भांडं चुलीवरून उतरवायचं, मग बी त्यात टाकून रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी जे फुगलेलं असेल ते पेरायचं. जे टणकच राहिलं त्याला पुन्हा एकदा गरम पाणी द्यायचं, किंवा पॉलिश पेपरवर एका बाजूने हलकं घासायचं. माझ्याकडे काम करणाऱ्या मावशी हे घासायचं काम दुपारच्या जेवणानंतर गप्पा मारत करतात, आणि त्यांचं उगवणीचं प्रमाण माझ्यापेक्षा नेहमीच चांगलं असतं. कवच किती घासायचं आणि कुठे थांबायचं हे त्यांच्या बोटांना कळतं.

पेरणी जागेवरच केलेली उत्तम. मृगाचा पाऊस चुकला तर आर्द्रा, पण जमीन वीतभर ओली झाल्याशिवाय नाही. एका जागी दोन-तीन बिया, सेंटिमीटरभर खोल. पुढे त्यातलं दणकट रोप ठेवायचं. गटात लावायचे असतील तर दोन झाडांमध्ये चार-पाच फूट अंतर, कुंपणासाठी दोन-तीन फूट. पिशवीतच रोप करायचं असेल तर पिशवी लांब घ्यावी आणि रोप दोन महिन्यांच्या आत जमिनीत जावं. पिशवीच्या तळाशी मूळ गुंडाळलं गेलं की ते झाड पुढे कधीच मोकळं वाढत नाही. वर्षानुवर्षं पिशवीत राहिलेलं उंच रोप स्वस्तात मिळालं तरी घेऊ नये.

खड्ड्यात शेणखत, पोयटा, निंबोळी पेंड असं काही घालायचं नाही. हे ऐकून माळी माझ्याकडे संशयाने बघतात. आयुष्यभर ज्यांनी खत घालून झाडं जगवली त्यांना रिकाम्या मुरमात बी टाकायला सांगणं जड जातं, हे मला समजतं. पण पोसलेल्या जमिनीत तरवड नुसता पाल्याला जातो, लांबट, लवचीक होतो, वाऱ्याने कलतो आणि फुलं मोजकीच देतो. आणखी एक गैरसमज शिकलेल्या लोकांत दिसतो. शेंगा येतात म्हणजे हा मुळांवर गाठी करून जमिनीला नत्र देत असेल. तूर, हरभरा, गिरिपुष्प ते करतात, तरवडाच्या मुळांवर तशा गाठी येत नाहीत. त्यासाठी त्याला लावू नये.

त्याला खरा धोका पाण्याचा असतो. काळ्या चिकण जमिनीत पाणी साचतं आणि तरवडाची मुळं कुजतात. अशा ठिकाणी मी मुरमाचा फूट-दीड फूट उंच गादीवाफा करून घेते. पहिल्या पावसाळ्यात मोठी उघडीप पडली तर आठ-दहा दिवसांनी रोपाला तांब्याभर पाणी, पहिल्या उन्हाळ्यात तेवढंच आणखी क्वचित. दुसऱ्या पावसानंतर काहीच नाही. एका कारखान्याच्या आवारात फाटकापासून कार्यालयापर्यंत दुतर्फा तरवड लावला होता. पहिल्या वर्षी सुंदर आला. मग पाण्याची व्यवस्था ज्यांच्याकडे होती त्यांनी इतर झाडांबरोबर यालाही ठिबकची नळी जोडली आणि रोज तासभर पाणी सोडलं. माती काळी होती. पुढच्या पावसाळ्याआधी ती रांग पिवळी पडून गेली. त्याच सुमारास एका खेड्यातल्या शाळेत, जिथे पोरांना प्यायला पाणी घरून आणावं लागत होतं, तिथे मैदानाच्या कडेने मुलांनी टोकलेलं बी तगलं, वाढलं आणि दुसऱ्याच वर्षी फुललं. तिथल्या मुख्याध्यापक बाईंनी एकच नियम केला होता: डबा धुतलेलं पाणी लिंबाला घालायचं, तरवडाला नाही.

माळीकामात हात राखून ठेवणं ही मला सर्वांत अवघड कला वाटते. पाणी घालणारा हात दिसतो, त्याचं कौतुक होतं, त्याला पगार मिळतो. न घालणारा हात आळशी ठरतो. म्हणून तरवडाची बाग लावून देताना मी मालकाला समोर बसवून सांगते की तुमचा माणूस या वाफ्याजवळ नुसता उभा दिसला तर त्याला बोलू नका. पानं कधी मलूल होतात, कधी पुन्हा ताठ होतात, बुडाशी वाळवी आली का, हे तो बघत असेल. तेही कामच आहे.

फुलं आली की मात्र कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. सकाळी नऊ-दहाच्या उन्हात तरवडापाशी उभं राहून बघा. पाच पिवळ्या पाकळ्यांच्या मध्ये दहा पुंकेसर असतात आणि ते एकसारखे नसतात. वरचे तीन वांझ, मधले आखूड, खालचे लांब आणि वाकलेले. या फुलात मध नसतो. परागसुद्धा उघड्यावर पडलेले नसतात. परागकोश बंद डबीसारखे आणि टोकाला बारीक छिद्र. काळा मोठा भुंगा येतो, फुलाला मिठी मारतो, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतो आणि एक वेगळाच, चढ्या पट्टीतला घूं असा आवाज येतो. त्या कंपाने पराग छिद्रातून बाहेर उडतात. मधल्या केसरांतले भुंग्याला खायला मिळतात, लांब केसरांतले त्याच्या पाठी-पोटाला चिकटून दुसऱ्या फुलाकडे जातात. मधमाशीला असं फूल थरथरवता येत नाही. ती आली तर सांडलेलं वेचून जाते. लाकडात भोक पाडतो म्हणून या भुंग्याला लोक मारतात, वाळलेल्या फांद्या जाळून टाकतात. माझी विनंती असते की बागेच्या एका कोपऱ्यात जुना ओंडका, शेवग्याचं नाहीतर पांगाऱ्याचं वाळकं खोड राहू द्या. भुंगा राहिला तर शेंगा भरतील.

पावसाळ्यात याच बागांतून मला घाबरे फोन येतात. "ताई, तरवडाला कीड लागली, पानं संपली, कुठलं औषध मारू?" ते कॉमन एमिग्रंट आणि मॉटल्ड एमिग्रंट या फिक्या पिवळसर-पांढऱ्या फुलपाखरांचे सुरवंट असतात. हिरवे, अंगाच्या दोन्ही बाजूंनी रेघ असलेले. कधी लहान पिवळी ग्रास यलोही इथे अंडी घालतात. या फुलपाखरांच्या पोरांना तरवड, बहावा, टाकळा अशा मोजक्याच झाडांची पानं चालतात, कोथिंबीर किंवा गुलाब चालत नाही. मी सांगते, पंधरा दिवस थांबा. झाड पुन्हा पालवतं. जिथे लोक थांबले तिथे पुढच्या वर्षी त्यांनीच मला बोलावून कोश दाखवले. सुरवंट पाहून बुलबुल, वटवट्या, नाचण झुडपात शिरतात ते आणखी एक सुख.

रोपवाटिकेत तरवड मागितला तर "कॅशिया आहे ना" असं म्हणून दुसरंच रोप हातात देतात. हा अनुभव बऱ्याच जणांना येईल. पूर्वी वनस्पतिशास्त्रातही तरवड कॅशियातच होता, आता सेन्ना गटात धरतात. पण कॅशिया नावाने विकली जाणारी अनेक झाडं बाहेरून आलेली आणि पाणी मागणारी आहेत. टिकोमाही पिवळा दिसतो म्हणून खपवला जातो. तरवड ओळखायचा तो पानाच्या देठाशी असलेल्या गोलसर, कानाच्या पाळीसारख्या मोठ्या उपपर्णांवरून. ती गळत नाहीत, कोवळ्या फांदीवर ओळीने बसलेली दिसतात. शिवाय पानाच्या मधल्या शिरेवर पर्णिकांच्या प्रत्येक जोडीमध्ये एक बारीक ग्रंथी असते आणि तिथे मुंग्या हमखास फिरतात. ही दोन लक्षणं पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आमच्याकडे नवरात्रात घटावर जी माळ चढते त्यात कारळ्याची, तिळाची आणि तरवडाची फुलं असायची. माळावर जाऊन परडीभर आणायची. आता बाजारातला झेंडू सगळीकडे पोचला. झेंडू मूळचा मेक्सिकोचा, पण तोही आता आपला झाला, त्याच्याशी माझं वैर नाही. मात्र ज्या सोसायटीत आम्ही फाटकाशी तरवड लावला तिथे पहिल्या माळेच्या दिवशी पहाटे बायका परड्या घेऊन उभ्या होत्या. त्यात सोलापूरकडच्या एक आजी होत्या, मुलाकडे राहायला आलेल्या. त्यांनी झाडाला हात लावून नमस्कार केला, मग फुलं खुडली. त्यानंतर त्या सोसायटीत तरवड काढा असं कुणी म्हणालं नाही. तेलंगणात तर बतुकम्मा या सणाला हेच फूल थरावर थर रचून पूजतात. तिथे त्याला तंगेडू म्हणतात, आणि 2014 साली त्या राज्याने त्याला राज्यपुष्प केलं. तमिळनाडूत पोंगलच्या आधी कडुलिंबाच्या डहाळ्यांबरोबर ही फुलं दारावर बांधतात. एवढ्या मोठ्या दख्खनच्या सणावारांत ज्याचं फूल आहे ते झाड आमच्या दारात कमीपणाचं वाटावं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

वाळलेल्या फुलांचा चहा साखरेच्या आजारावर घेतात, असं ऐकून लोक माझ्याकडे फुलं मागतात. फुलं मी देते. औषध म्हणून किती, कधी आणि कोणी घ्यायचं ते मात्र डॉक्टरांना किंवा वैद्यांना विचारा असंच सांगते.

सगळीकडे तरवड लावा असंही मी म्हणणार नाही. कोकणातल्या पावसात तो सुखाने राहणार नाही. आंब्याच्या सावलीत, इमारतीच्या उत्तरेच्या अंगाला, लॉनच्या मधोमध तो रडत जगेल. आणि सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यासारखे चिंकारांचे गवताळ माळ आहेत तिथे कुणी हौसेने खड्डे घेऊन झाडं लावायला जाऊ नये, मग ती तरवडाची का असेनात. तो माळ तसाच पुरेसा आहे. तरवडाची जागा आपण ज्या जमिनी खणून, सपाट करून, फरसबंदी करून बसलो आहोत तिथे आहे: शाळेच्या मैदानाची कड, पेट्रोल पंपामागचा मुरमाड तुकडा, रस्त्यांचे दुभाजक, स्मशानभूमीची भिंत, आणि तुमच्या घरापुढची ती जागा जिथे दर उन्हाळ्यात काहीतरी मरतं.

येत्या हिवाळ्याच्या शेवटी गावाकडे गेलात तर वाटेत गाडी थांबवून मूठभर शेंगा आणा. डब्यात राखेत ठेवल्या तर पावसापर्यंत टिकतील. जूनमध्ये बियांना गरम पाणी द्या, मुरमात टोका आणि दुसऱ्या नवरात्रापर्यंत धीर धरा. पाण्याची झारी तेवढी तुळशीपाशीच राहू द्या.